सातबाऱ्यात न मावणारं गाव

(पूर्णगड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझं रोजचं काम म्हणजे माहितीचे तक्ते बांधणं. कुठली माहिती कुठल्या रकान्यात ठेवायची, हे आम्ही ठरवतो. या कामात एक गोष्ट लवकर कळते. ज्या गोष्टीसाठी रकाना नाही, ती यंत्रणेच्या लेखी अस्तित्वातच नसते. कुणी दुष्टपणे ती पुसलेली नसते, पण ठेवायला जागाच नसते. पुढे त्या तक्त्यावरून निर्णय होतात आणि जे तक्त्यात नव्हतं त्याचा विचार होत नाही.

जमिनीच्या नियोजनात नेमकं हेच होतं, एवढंच मला आज सांगायचं आहे. आपण प्रकल्प आला की जागे होतो. पण निर्णय त्याच्या बराच आधी, नकाशा आणि नोंदवही तयार होताना झालेला असतो. म्हणून गावातल्या शिकलेल्या तरुणांनी नोंदवहीच्या पातळीवर काम करायला हवं.

आधी हे गावच बघा. मुचकुंदी नदी इथे समुद्राला मिळते. वर टेकडीवर छोटा किल्ला, खाली वस्ती, खाडीत होड्या, पलीकडे गावखडी, मध्ये पूल. एका नजरेत मावणारं गाव. पण या एवढ्याशा जागेवर किती कार्यालयांचा हात आहे, मोजून पाहू.

सातबारा आणि फेरफार महसूल खात्याकडे. मोजणी आणि हद्दीचे नकाशे भूमी अभिलेखकडे. गावातली घरं, त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीकडे. भरतीरेषेपासूनच्या बांधकामाचे नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचे, आणि ते राबवायला राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. कांदळवन असेल तिथे वन विभागाचा कांदळवन कक्ष. जेटी आणि बंदराची हद्द मेरीटाइम बोर्डाकडे. होड्यांचे परवाने मत्स्यव्यवसाय विभागाकडे. खाजणाचे बांध खारभूमी विभागाकडे. किल्ला म्हटला की पुरातत्त्व आलं आणि रस्ता म्हटला की बांधकाम विभाग.

यातल्या प्रत्येकाकडे गावाचा एक तुकडा आहे. अख्खं गाव कुणाकडेच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही १९६६ चा. एकाच वर्षी जन्मलेले हे दोन कायदे दोन वेगळ्या खात्यांच्या घरात वाढले. पहिला जमीन कुणाची ते सांगतो. दुसरा जमिनीचं काय करायचं ते ठरवतो. आज त्या जमिनीचं काय चाललं आहे, कोण कशासाठी वापरतं, हे नीट नोंदवण्याची जबाबदारी या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडून राहते.

आता थोडं गणित करू. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवरचा २५ मीटर. बॉलपेनने ओढलेली साधी रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली साडेबारा मीटर जमीन झाकली जाते. आपल्याकडची बरीच घरं त्याहून अरुंद आहेत. म्हणजे भरतीरेषा काढताना अख्खं घर रेघेखाली जाऊ शकतं. ते रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या नकाशावरून सांगताच येत नाही.

आणि प्रश्न नेमका तिथेच असतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत विकासबंदीचा पट्टा, हा जुना नियम. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, तो ५० मीटरवर आला. बाकीच्या गावांना २०० मीटर कायम राहिले. खाडीच्या काठाला वेगळं अंतर आहे. घराचं छप्पर बदलायचं, मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची, यासाठी आपण या मीटरांमध्ये अडकतो. घराचं भवितव्य मीटरवर, आणि नकाशा मात्र मिलिमीटरला २५ मीटरचा!

या अडचणीवरचा उपाय अधिसूचनेतच लिहिलेला आहे. गाव पातळीवरचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे करायचे, साधारण १:४,००० चे, सर्व्हे नंबर दिसतील असे. २०११ च्या अधिसूचनेत तर स्पष्ट म्हटलं आहे की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा हे सगळं या नकाशांवर दाखवावं. मच्छीमार वस्तीची पुढच्या काळातली घरांची गरज किती, याचा आराखडा राज्याने करावा. भरतीरेषेपासून १०० ते २०० मीटरमध्ये पारंपरिक किनारी समाजाला घरं बांधता येतील, पण त्यासाठी समाजाशी चर्चा करून केलेला आराखडा हवा.

म्हणजे कायद्यात आपल्यासाठी दार आहे. त्या दाराला कडी लागली आहे ती नोंदीची. सामाईक जागा कोणती, मासळी कुठे सुकते, पुढच्या वीस वर्षांत किती घरं लागतील, हे मुंबई-चेन्नईत बसलेल्या माणसाला कोण सांगणार? उपग्रहाच्या चित्रात मासळी वाळवायचं आवार नुसतं मोकळं मैदान दिसतं. नियोजनाच्या भाषेत मोकळं मैदान म्हणजे उपलब्ध जमीन.

सातबाऱ्याचंही तेच. तो सारा वसुलीसाठी आणि पिकासाठी घडवलेला कागद आहे. भात, नाचणी, आंबा यांना त्यात जागा आहे. पण कातळसडा 'पोटखराबा' म्हणून जातो. त्याच सड्यावर पावसाळ्यात गुरं चरतात, पाणी मुरतं आणि खालच्या विहिरी भरतात. पाखाडी, जिच्यावरून चार पिढ्या मशिदीत, देवळात आणि शाळेत गेल्या, ती अनेकदा कुणाच्या तरी खासगी नंबरातून जाते आणि कागदावर नसते. खाडीत ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांचं उत्पन्न कुठल्याच रजिस्टरला लागत नाही. त्यांच्या नावावर होडी नाही, जमीन नाही, म्हणून भरपाईच्या यादीतही त्या नाहीत.

सड्याचं एक उदाहरण खाडीपलीकडेच आहे. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, सुमारे १८ मीटरचा. बारसू, देवीहसोळ, उक्षी अशा ठिकाणीही कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सरकारी कागदात जी जमीन पोटखराबा, ती जगाच्या दृष्टीने वारसा! हे कळलं कसं? स्थानिक अभ्यासक गावकऱ्यांना विचारत सडे पायी फिरले, मोजमापं घेतली, नोंदी केल्या, म्हणून.

आणखी एक गोष्ट. आपले कायदे लिहिताना डोळ्यांसमोर गाव आहे ते देशावरचं. मध्ये गावठाण, भोवती शेतं. कोकणात घरं वाड्यावाड्यांत पसरलेली. कुठे गावठाण इवलंसं, कुठे घोषितच नाही. मग गावठाणावर आधारलेल्या सवलती आपल्याला लंगड्या होतात. गावठाणापासून २०० मीटरपर्यंत बिगरशेतीसाठी वेगळी परवानगी लागू नये अशी तरतूद महसूल संहितेत आली, चांगलीच आहे. पण २०० मीटर मोजायचे कुठून? केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. ड्रोनने गावठाणं मोजून घरांना मिळकत पत्रिका द्यायची. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत त्याआधीच हा प्रयोग झाला होता. आपल्याकडे मात्र गावठाणाबाहेरच्या वाडीतलं घर ड्रोनच्या कामातून सुटण्याची भीती राहते. विदर्भातल्या गावांत सामाईक जमिनीवरचे हक्क लिहिलेलं 'निस्तारपत्रक' असतं. कोकणात तो शब्दही फारसा कुणी ऐकलेला नाही.

हे सगळं आजच का बोलायचं? कारण किनाऱ्याचं नियोजन आता मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. पालघरची २२३, रायगडची ४२२, रत्नागिरीची ७२२ आणि सिंधुदुर्गची २६८ गावं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलो, तिलाही आता वेग आला आहे. ७२२ ची यादी राजपत्रात आहे. आपापलं गाव, आजोळ, बहिणीचं सासर त्यात आहे का, हे प्रत्येकाने स्वतः वाचून बघा. विशेष प्राधिकरण येतं तेव्हा बांधकामाची परवानगी कुणाकडे मागायची इथपासून सगळं बदलू शकतं.

मी विकासाच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. रुग्णवाहिका वेळेवर पोचायला चांगला रस्ता लागतो. मासळी टिकवायला बर्फ आणि वीज लागते. इथल्या मुलांनी नोकरीसाठी मुंबई किंवा आखाताचीच वाट धरावी, असंही मला वाटत नाही. पण आपल्याच जिल्ह्याचा अनुभव समोर आहे. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प ठरला. साखरीनाट्याच्या मच्छीमारांनी समुद्राचा प्रश्न मांडला. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला. नाणारची रिफायनरी २०१७ मध्ये अधिसूचित झाली, २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला. प्रकल्प चांगला की वाईट यावर मतं वेगळी असू शकतात. पण तिन्ही ठिकाणी लोकांचं म्हणणं एकच होतं: आम्हाला आधी विचारलं नाही. मच्छीमाराच्या बाबतीत याचं एक कारण रकान्यातही आहे. तो सातबाऱ्यावर नसतो. भूसंपादनाच्या नोटिशीचा कागद जमीनमालकाच्या घरी जातो, जाळं टाकणाऱ्याच्या घरी जात नाही.

आता थोडं आपल्या घराकडे. सगळा दोष सरकारचा म्हणून सुटका होत नाही. माझ्या आजोळच्या १३ गुंठ्यांच्या एका तुकड्यावर २९ नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं अल्लाला प्यारी झाली, काही कुवेतला, काही मुंब्र्याला. वारस नोंद झाली नाही, वाटप झालं नाही. अशा जमिनीवर घराला कर्ज मिळत नाही, भरपाई आली तर भांडणात अडकते आणि दलालाला मात्र एखादा हिस्सेदार गाठून सही घेणं सोपं जातं. त्यातही बहिणींची नावं गाळायची सवय. शरीयतने मुलीला वाटा दिला, असं आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. मग फेरफार करताना ती नावं कुठे जातात? बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणं ही रीत झाली आहे. नोंदवही सरकारची असो की घराची, ज्याचं नाव लिहिलं नाही तो निर्णयात नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

कब्रस्तान, दर्ग्याची जागा, मशिदीची विहीर यांचंही तसंच. 'शंभर वर्षं आपण वापरतो' एवढ्यावर आपण निर्धास्त असतो. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने वापरावरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळासाठी काढली. त्या कायद्यावर वाद आहे, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि आजचा माझा विषय तो नाही. पण व्यवहारातला अर्थ साफ आहे: नुसता वापर पुरणार नाही, कागद लागेल. तुमच्या गावच्या कब्रस्तानचा सर्व्हे नंबर इथे बसलेल्या किती जणांना माहीत आहे? स्मशानभूमीला जाणाऱ्या वाटेचंही हेच आहे. म्हणून हे काम एका समाजाचं नाही. मोहल्ला, भंडारवाडी, खारवीवाडी, बौद्धवाडी यांनी मिळून केलं तरच ते गावाचं होईल आणि ग्रामसभेत टिकेल.

असं काम कुठे झालं आहे का? झालं आहे. गोव्यात २००६ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून पाहिले, डोंगर आणि शेतं वस्तीच्या रंगात रंगवलेली दिसली. गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी गावागावांत नकाशे गेले, लोकांनी सर्व्हे नंबरसकट सूचना दिल्या. तिथली पुढची गोष्टही सांगायला हवी. २०२३ मध्ये गोव्याच्या नगररचना कायद्यात १७(२) कलम आलं आणि आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा रंग बदलू लागला. म्हणजे एकदा जिंकून घरी बसता येत नाही. नकाशावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

चेन्नईजवळ एन्नोरची खाडी आहे. २०१७ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले. राज्याकडून दाखवल्या जाणाऱ्या नकाशात खाडीचा मोठा भाग गायब होता आणि १९९६ च्या मंजूर नकाशात तो होता. अख्खी खाडी कागदावर नाहीशी होऊ शकते! ती सापडली ती कुणीतरी जुना नकाशा मागितला म्हणून.

आफ्रिकेतल्या रवांडाने २००९ ते २०१३ या काळात सुमारे १ कोटी भूखंडांची नोंद केली. हवाई छायाचित्रं छापून गावात नेली. गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी शेजाऱ्या-शेजाऱ्यांना बांधावर उभं करून छायाचित्रावर हद्दी आखल्या. तो आपल्यापेक्षा गरीब देश आहे.

आता आपण काय करायचं ते सांगतो. माझा प्रस्ताव छोटा आहे. गावाची वापर-नोंदवही करायची. त्यात पाच रकाने पुरे: जागा कुठली, सर्व्हे नंबर काय, वापर कोण करतं, वर्षाच्या कुठल्या महिन्यांत करतं, आणि किती वर्षांपासून. सोबत एक फोटो आणि मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. होड्या लागतात ती जागा, जाळी विणायची सावली, मासळी वाळवायचं आवार, पाखाड्या, पऱ्ये, विहिरी, कब्रस्तान, स्मशान, गुरांचा सडा, मुलांचं मैदान. एक चार-पाच जणांचा गट दोन महिने सुट्टीच्या दिवशी फिरला तर हे होण्यासारखं आहे. नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते शिकवायला मी येईन.

काही पथ्यं पाळू. मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे जातो. त्यावरून हद्दीचं भांडण सोडवायला जाऊ नका, त्यासाठी सरकारी मोजणी आहे. आपण मालकी नोंदवत नाही, वापर नोंदवतो, हे प्रत्येक घरी आधी सांगा. लोकांची नावं आणि फोन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. दलालांना तयार यादी द्यायची नाही आपल्याला. गटात निम्म्या मुली असू द्या. खाडीतली कालवं काढायची खडपं कुठली, हे पुरुषांना विचारून कळणार नाही.

नोंदवही तयार झाली की ती ग्रामसभेत मांडायची. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्याआधी महिलांची सभा. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. शंभर माणसं जमवणं आपल्याला जड नाही, लग्नाला याहून जास्त जमतात. ठराव करून त्याच्या प्रती तहसीलदार, मत्स्यव्यवसाय विभाग, किनारा प्राधिकरण आणि नियोजन प्राधिकरण यांना द्यायच्या आणि पोच घ्यायची. ती पोच महत्त्वाची. उद्या प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतींना मोजके दिवस मिळतील. अधिसूचना इंग्रजीत असेल, नकाशा कुठल्यातरी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात असेल. त्या दिवसांत नोंदवही करायला वेळ नसतो. ती आधीच दाखल असेल तर 'ही जागा मोकळी आहे' असं म्हणणाऱ्याला लेखी उत्तर तयार असतं. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेली हरकत बाजूला ठेवणं सोपं असतं. सर्व्हे नंबर, महिने आणि माणसांची संख्या लिहिलेली हरकत फेटाळायची तर कारण द्यावं लागतं. आणि दिलेलं कारण न्यायालयात तपासता येतं.

यातून सगळं वाचेल असं वचन मी देत नाही. पण गाव कागदावर आलं तर बोलणी सुरू व्हायला जागा मिळते. आपल्यातले अनेक जण दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे तक्ते भरतात. महिन्यातले दोन रविवार आपल्या गावाच्या तक्त्याला देऊ.

पहिली नोंद होड्या लागतात त्या जागेची करू. येत्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे, ते इथे बसलेल्या चाच्यांना विचारून ठेवा आणि त्या वेळी मोबाईल चार्ज करून खाडीवर या.